‘मी अस्वल बघितलो’: चौथीतल्या मुलीला काय सांगू?

खानापूरची बाई

बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं, भीमगडच्या रानाला लागून असलेल्या एका गावात मी सरकारी मराठी शाळेत शिकवते. पोरं एकवीस, आम्ही शिक्षक दोघं. प्रश्न व्याकरणाचा आहे, पण नुसता व्याकरणाचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात चौथीतल्या एका मुलीला घेऊन वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. विषय ‘अविस्मरणीय प्रसंग’. बाकीच्या मुलांनी सहल, वाढदिवस असलं पाठ करून आणलेलं. हिला मी काहीच पाठ करायला दिलं नव्हतं, कारण हिच्याकडं खरा प्रसंग होता. पोरगी माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मी आज्जासंगट शेताला गेलो. बांधावर अस्वल बघितलो. आज्जा म्हटला, हलू नकोस. मी हललो नाही. श्वास पण घेतलो नाही.” आणि तिथं तिनं खरोखरच श्वास धरला. सगळं सभागृह गप्प. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा.

संपल्यावर परीक्षकांनी माईक घेतला. म्हणाले, प्रसंग छान आहे, पण मुलीनं ‘गेलो’, ‘बघितलो’ म्हणायचं नसतं, आधी मराठी नीट शिकून ये. लोक हसले. परत येताना वडापच्या जीपमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली होती. जांबोटी येईपर्यंत एक शब्द नाही.

तेव्हापासून वर्गात ती ‘हजर’ एवढंच बोलते. परवा मधल्या सुट्टीत जवळ आली आणि विचारलं, “बाई, बघितलो नाही तर काय म्हणायचं?” मी म्हटलं, ‘बघितलं’. “का?” मी म्हटलं, कारण अस्वल नपुंसकलिंगी. ती जरा वेळ थांबली. “पण बघितलो मी की.”

यावर मला काही सुचलं नाही. डीएड झालेली बाई मी, आणि चौथीतल्या पोरीला ‘का’ सांगता येईना.

माझं माहेर बेळगावचं शहापूर. आमच्या घरात ‘काय करूलैस’, समोरच्या डॉक्टरांच्या घरात ‘काय करतेयस’. मधे रस्ता आठ-दहा पावलांचा. त्यांच्या मुलीशी खेळायला जाताना मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला की ‘होय’चं ‘हो’ करायची, ‘जेवलीस काय’चं ‘जेवलीस का’. कुणी शिकवलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला बरोब्बर कळलं होतं की कुठल्या घराचं बोलणं वरचं आणि कुठल्याचं खालचं. पुढं कॉलेजात एका सरांनी मला सगळ्या वर्गासमोर दहा वेळा ‘मी आले’ म्हणायला लावलं होतं. अजून ते आठवलं की कान तापतात. वर मी ‘शिकवते’ असं लिहिलंय. घरी नवऱ्याला ‘शाळेला जातो’ म्हणूनच सांगून निघते.

तर विचारायचं हे, की पोरीच्या ‘का’ला खरं उत्तर काय? आणि मी तिचं बोलणं सुधारू की नको? सुधारलं नाही तर उद्या बेळगावात, पुण्यात कुणी तरी परत हसणार. सुधारलं तर मी आणि ते परीक्षक यांच्यात फरक काय राहिला?

निपाणीचे गुरुजी

बाई, चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. पोरीच्या ‘का’ला उत्तर आहे, आणि ते पोरीच्या बाजूचं आहे.

पुस्तकी मराठीत भूतकाळात ‘बघणे’ हे क्रियापद बघणाऱ्याला विचारत नाही, ज्याला बघितलं त्याच्या मागं जातं. मी कोल्हा बघितला, खार बघितली, अस्वल बघितलं. कर्मणी प्रयोग. हे तुम्ही सांगितलंतच. पण आता त्याच पुस्तकातली ही वाक्यं बघा: मी धडा शिकलो. मी नाव विसरलो. मी चहा प्यालो. धडा, नाव, चहा ही कर्मंच आहेत की! तरी तिथं क्रियापद कर्त्यालाच धरून राहतं, आणि पुण्यातला कुठलाही मास्तर त्यावर लाल रेघ मारत नाही. प्रमाण मराठीनं जी वागणूक मोजक्या क्रियापदांना दिली, ती आपल्या मुलुखानं सगळ्यांना दिली. मी धडा शिकलो, मी धडा विसरलो, मी धडा वाचलो. पोरीनं एकच नियम शेवटपर्यंत पाळलाय. अपवाद पाठ करायचं ओझं पुस्तकाच्या भाषेत आहे.

दुसरं, ‘मुलीनं गेलो म्हणू नये’. पुण्याच्या चार बायका देवळात जाऊन आल्या तर काय म्हणतात? आम्ही गेलो. चार पुरुष? आम्ही गेलो. तिथं बाई की गडी हे कुणी विचारत नाही. बोलणारा समोरच उभा असतो, ते काय क्रियापदानं सांगायला पाहिजे? आपल्याकडं ‘मी’लाही तेच लावलं, इतकंच. आणि नीट ऐकलंत तर तीच पोरगी ‘आज्जी गेली’, ‘आज्जा गेला’ म्हणेल. तिसऱ्या माणसाचा लिंगभेद ती कधी चुकणार नाही. कानडीतही असंच आहे. बाई असो, गडी असो, ‘नानु होदे’. तिसऱ्याबद्दल बोलायचं तर ‘अवनु होद’, ‘अवळु होदळु’. आणि ‘नानु करडि नोडिदे’, मी अस्वल बघितलो. तिथं क्रियापद ‘नानु’चं असतं, करडीचं नसतं.

आमच्या निपाणीत ‘काय करालैस’, तुमच्या शहापुरात ‘काय करूलैस’, कोल्हापूरकडं ‘काय करायलैस’. हे सगळं ‘करायला लागलायस’ घासून घासून झालेलं. धारवाडकडचा कानडी माणूस ‘एन माडलिकत्ती’ म्हणतो. माडलिक्के म्हणजे करायला, हत्तु म्हणजे लागणे. शब्द निराळे, बांधणी तीच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दोन्ही भाषांचे गडी एकाच ढिगाभोवती बसायचे, मी लहानपणी बघितलेलं आहे. एकानं अर्ध्यावर सोडलेलं वाक्य दुसरा आपल्या भाषेत पुरं करायचा आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

हे मी मनचं सांगत नाही. सांगलीजवळच्या कुपवाडात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघा अभ्यासकांनी हेच तपासलं होतं. त्यांचा लेख १९७१ साली छापून आला. कुपवाडात जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, काही घरांत तेलुगू, आणि चारचौघांतला व्यवहार मराठीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. त्यांना असं दिसलं की तिथल्या उर्दू, मराठी आणि कानडीची वाक्यं एकाच साच्यात पडलेली आहेत, इतकी की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की या भाषेतलं वाक्य त्या भाषेत जातं. शब्द मात्र ज्यानं त्यानं आपापले राखले होते, कारण माणूस कुठल्या घरचा हे शब्दांवरून कळायचं.

तेव्हा पोरीला सांगा, तू बोललीस ते चुकलेलं नाही. पुस्तकाची रीत वेगळी आहे, ती पण शिकू या. दोन्ही वाक्यं तोंडानं सांगा, आणि याच क्रमानं.

अनगोळची सुमन

गुरुजी, तुमचा अभ्यास मोठा, पण एक बोलते. प्रत्येक गोष्टीला ‘कानडीत असंच आहे’ म्हणू नका. बेळगावात राहून हे ऐकायला फार जड जातं. १९४६ साली आमच्या बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. दहाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही म्हैसूर राज्यात. तेव्हापासून आमचं मराठी खरं मराठी आहे हेच आम्ही सिद्ध करत बसलोय. इथल्या कचेरीत गेलं की कन्नडमध्ये बोला म्हणतात. पुण्याला नणंदेकडं गेलं की तुमचं मराठी कानडी वळणाचं म्हणतात. मग आमचं काय?

माझे वडील १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते. लाठ्या खाऊन घरी आले. आई पाठीला हळद लावत होती आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मी काय चुकीचं केलो? सांग की, काय चुकीचं केलो?” मी तेव्हा सातवीत होते.

हे लिहिताना आत्ता माझ्याच लक्षात आलं. ‘केलो’. ज्या माणसानं मराठीसाठी मार खाल्ला तो ‘काय चुकीचं केलं’ असं म्हणाला नव्हता.

त्या परीक्षकांनी माझ्या वडिलांना पण मराठी शिकून ये म्हटलं असतं काय?

निपाणीचे गुरुजी

सुमनताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. मला एवढंच म्हणायचं होतं की शेजाऱ्याचं घेतलं म्हणून आपलं कमी होत नाही. तूप हा शब्द कानडीतून आलेला आहे, अडकित्ता तिकडचाच, अण्णा आणि अक्काही. पुण्यातल्या वरणभातावर जे पडतं त्याला कुणी कानडी वळणाचं म्हणत नाही. मग आपल्या ‘केलो’लाच का म्हणायचं?

वडगावचा, आता चाकणला

सगळ्यांचं पटतंय, तरी मी जरा उलट बोलणार आहे. बाई, सुधारा. लवकर सुधारा.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, घरात दोन माग. शेजारी देवांग, म्हणजे कानडी बोलणारे विणकर, ते मग्ग म्हणायचे, आम्ही माग. कांडी भरायला बसलं की मी दोन्ही भाषांत शिव्या खायचो. कॉलेजपर्यंत मला कधी वाटलंच नाही की माझ्या बोलण्यात काही वेगळं आहे. नोकरीसाठी इकडं आलो. पहिल्या मुलाखतीत एकानं विचारलं, आधीच्या ठिकाणी काय काम केलंत? मी म्हटलं, “मी सुपरवायझरचं काम केलो.” तो माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर तो माझ्याशी सावकाश, सोप्पं सोप्पं बोलायला लागला, जसं लहान पोराशी बोलतात. मशीनबद्दल मला जे येत होतं त्यातलं एकही त्यानं विचारलं नाही. ती नोकरी मिळाली नाही.

मग मी शिकलो. बसमध्ये माणसं कशी बोलतात ते ऐकायचं, खोलीवर येऊन तोंडातल्या तोंडात म्हणायचं. केलं, घेतलं, सांगितलं, पाहिलं. वर्ष गेलं त्यात. हे मला शाळेत कुणी शिकवलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं. आमच्या शाळेत सगळे मास्तरच ‘केलो’वाले. फार प्रेमळ माणसं, पण पुस्तकात काय लिहिलंय आणि आपण काय बोलतोय यात फरक आहे हे त्यांनी आम्हाला कधी दाखवलंच नाही. प्रमाण भाषा ही गरिबाच्या पोराला फुकट मिळणारी गोष्ट आहे, ती फक्त शाळेत मिळते. डॉक्टरांच्या मुलीला ती घरात मिळते. बाईंनीच वर लिहिलंय.

आता याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते अर्धं सांगितल्यासारखं होईल. गणपतीला आई इकडं आली होती. माझ्या मुलाला म्हणाली, “चष्मा जरा हुडक की रे, हितंच ठेवलो होतो.” पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. “बाबा, हुडक म्हणजे काय?” सात वर्षांचा आहे. आईनं काही मनाला लावून घेतलं नाही, हसून म्हणाली, शोध म्हणजे. पण पुढचे चार दिवस मी ऐकत होतो, आई त्याच्याशी बोलताना थांबून थांबून शब्द निवडत होती. त्या मुलाखतवाल्यासारखं सावकाश. फरक एवढाच की इथं स्वतःच्या घरात माझी आई स्वतःच्या नातवासमोर अडखळत होती, आणि ते माझ्या शिकण्यामुळं झालं होतं. मी घरात कधी ‘हुडक’ म्हटलंच नव्हतं. का म्हटलं नाही, याचं उत्तर मला देता येत नाही.

म्हणून सुधारा, पण काढून टाकू नका. दोन्ही पाहिजे. कसं करायचं ते तुम्ही मास्तर लोक ठरवा.

चिकोडीहून

माझी मातृभाषा कन्नड, मराठी निपाणीच्या बाजारात शिकलो, त्यामुळं चूक झाली तर सांभाळून घ्या. बेंगळूरला नोकरीला गेलो तेव्हा मी ‘बर्री’ म्हटलं की तिथले लोक ‘बन्नी’ म्हणून दुरुस्त करायचे. ‘चलो ऐती’ म्हटलं की हसायचे. एकानं तोंडावर विचारलं, तुम्ही मराठी काय? मी घरी फोन करून वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, धारवाड-बेळगावकडं एवढं कन्नड साहित्य झालं ते काय बेंगळूरच्या कन्नडमध्ये विचार करून झालं?

त्या मुलीला माझ्याकडून सांगा, अस्वल बघून श्वास धरून उभं राहणं सोपं नाही.

शहापूरवाला

बाई, मीही शहापूरचाच. गाव एक, तरी गल्लीगणिक बोलणं निराळं, याला जुनी कारणं आहेत. स्वातंत्र्याआधी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं. इकडं विणकर आणि सराफी पेढ्या, तिकडं कॅम्पात पलटण, देशभरातली माणसं. त्यात खानापूरकडून येणाऱ्यांच्या बोलण्यात कोकणीचा वास, संकेश्वर-हुक्केरीकडून येणाऱ्यांच्यात कानडीचा. मी किराणा दुकानात बसतो. चिरमुरे मागितले की गिऱ्हाईक इथलं, चुरमुरे म्हटलं की पुण्याकडचं, कुरमुरे म्हटलं की मुंबईचं. पोतं एकच. आजवर कुणाला मी चूक म्हणून परत पाठवलेलं नाही.

खानापूरची बाई

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. सुमनताईंचं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

काय केलं ते सांगते. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा मुलांना म्हटलं, आज आपण अस्वलाची गोष्ट फळ्यावर लिहू या. मुलगी बोलायला तयार नव्हती. मग मी तिच्या आज्जालाच बोलावलं, गुरं सोडून ते तसेच आले. दारातच उभे राहिले, आत बसा म्हटलं तर पायाला चिखल आहे म्हणाले. त्यांनी गोष्ट सुरू केली आणि अस्वल कुठून आलं तेच चुकीचं सांगितलं. पोरीला ते सहन झालं नाही. “तिकडनं न्हवं आज्जा, ओढ्याकडनं आलं!” आणि उठली. महिन्याभरानं तिचा आवाज ऐकला. मग आज्जा गप्प आणि तीच बोलत होती.

ती जशी बोलली तसं, अक्षर न बदलता, मी फळ्यावर डाव्या बाजूला लिहिलं. अस्वल बघितलो. श्वास घेतलो नाही. फळ्यावर, बाईंच्या अक्षरात, आपलं बोलणं बघून पोरं आधी खुसखुसली आणि मग एकदम गप्प झाली. दुसरीतला एक जण उठून अगदी जवळ जाऊन बघून आला. मग मी म्हटलं, आता हेच पुस्तकात कसं लिहिलं असतं? उजव्या बाजूला ते पोरांनीच सांगितलं. वडगावच्या दादांना सांगते, पोरांना येत होतं. सगळं नाही, पण पुष्कळ. रोज वाचतात त्यामुळं कानात बसलेलं असतं, ते बाहेर काढायची वेळच कधी आली नव्हती. ‘आम्ही पळालो’ हे दोन्हीकडं सारखंच राहतं हे पाचवीतल्या मुलानं ओळखलं, तेव्हा मला गुरुजींची फार आठवण झाली.

गुरुजींचं ‘धडा शिकलो, धडा वाचलो’ पण सांगितलं. त्यावर सगळ्यांत जास्त चर्चा झाली. पोरांनी पुस्तक उघडून असली आणखी वाक्यं हुडकायला घेतली (मुद्दाम हुडकायलाच लिहिलंय). घंटा झाली तरी कुणी उठेना.

शेवटी मी मुलीला विचारलं, आता कळलं का ‘बघितलं’ कधी म्हणायचं? ती म्हणाली, “कळलं. पण बाई, बघितलं म्हटलं की अस्वल मोठं होतंय आणि मी बारीक होतोय.” वहीत मात्र तिनं दोन्ही लिहून घेतलं.

आज्जा तोवर दारातच उभे होते. जाताना मला हळूच म्हणाले, “बाई, ते फळ्यावरचं आजच्या दिवस पुसू नका. हिच्या आईला दावतो.” सोमवारपर्यंत तसंच ठेवलं.

नोव्हेंबरात तालुक्याला परत स्पर्धा आहे. तिचं नाव द्यायचं की नाही, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.